चोरण्याजोगं काही ठेवू नका



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी व्याख्यानमालेसाठी या सभागृहात जमतो, ते जन्मभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. त्यांच्या नावाने बोलायला उभं राहायचं तर विषय सोपा करून सांगावा लागतो, आणि सोपा करण्याच्या नादात तो खोटा होऊ द्यायचा नसतो. आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. लहानशा सेलवर चालणारी, वायरीविना बोलणारी उपकरणं सुरक्षित कशी ठेवायची, हा तो विषय.

आडवळणाचा म्हटलं खरं, पण तो आपल्या अंगाखांद्यावरच आहे. गाडीचा रिमोट. मेट्रोचं कार्ड. मनगटावरचं घड्याळ. कुणाच्या कानामागचं श्रवणयंत्र, कुणाच्या दंडाला चिकटवलेला साखर मोजणारा सेन्सर, कुणाच्या छातीत बसवलेला पेसमेकर. ही सगळी हवेतून बोलतात, आणि हवा सगळ्यांची असते. मग त्यांचं बोलणं कोण कोण ऐकतं? त्यांच्या नावाने दुसरंच कुणी बोललं तर? आणि त्यांना हुकूम सोडण्याचा अधिकार नेमका कुणाचा?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या पंचवीसेक वर्षांत सापडली आहेत, आणि तीही स्वस्तात. तिसऱ्याचं उत्तर आपण अजून नीट दिलेलं नाही. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी सेलचा हिशेब मांडू, कारण सगळी रड तिथून सुरू होते. सीआर२०३२ नावाचा चपटा बटन सेल तुम्ही पाहिला आहे. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, दाब ३ व्होल्ट. गुणाकार केला तर एकूण ऊर्जा भरते सुमारे २४०० ज्यूल. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या ऊर्जेवर साडेचार मिनिटंसुद्धा जळणार नाही. आणि आपण त्या सेलवर उपकरण पाच वर्षं चालवू म्हणतो! पाच वर्षं पुरवायचा तर सरासरी प्रवाह ५ मायक्रोअँपिअर पडतो. आता सेन्सरमधला रेडिओ घ्या. सीसी२४२० नावाची एक चिप या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरात होती. ती प्रक्षेपण करताना १७.४ मिलिअँपिअर खाते. आपल्याला परवडणाऱ्या सरासरीच्या हे जवळजवळ साडेतीन हजार पट झालं. म्हणून अशी उपकरणं बहुतेक वेळ झोपलेली असतात. क्षणभर उठतात, दोन शब्द बोलतात, पुन्हा झोपतात.

एवढ्या तंगीत एन्क्रिप्शनचा, म्हणजे निरोप किल्लीने कुलूपबंद करण्याचा, खर्च कुठून करायचा? १९८० आणि ९० च्या दशकातल्या इंजिनिअरांना हा प्रश्न खरोखर छळत होता. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. चिपवरची जागा महाग होती, वीज मोजून मिळत होती. म्हणून त्यांनी लहान किल्लीचे, आखूड अल्गोरिदम घरच्या घरी बनवले आणि ते गुप्त ठेवले. अल्गोरिदम कमजोर असला तरी तो कुणाला ठाऊकच नाही, मग मोडेल कोण? असा तो विचार.

तो विचार किती टिकला, ते एका कार्डाच्या गोष्टीतून पाहू.

१९९४ मध्ये मायफेअर नावाचं बिनासंपर्काचं कार्ड बाजारात आलं. कार्डात सेलच नाही. वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळेल तेवढ्या विजेवर ते जगतं. त्यात क्रिप्टो-१ नावाचा गुप्त अल्गोरिदम होता, किल्ली फक्त ४८ बिटांची. लंडनचं ऑयस्टर कार्ड यावर चाललं, हॉलंडचं सार्वजनिक वाहतुकीचं कार्ड यावर चाललं, कितीतरी कचेऱ्यांची दारं यावर उघडली. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या दोन संशोधकांनी सांगितलं, की आम्ही तो अल्गोरिदम वाचला.

कसा वाचला? कार्डाचं प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळवलं. आत तांदळाच्या कणीपेक्षा लहान चिप निघाली. ती पॉलिश करत करत तिचा एकेक थर उतरवला, आणि प्रत्येक थराचे साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले. फोटोत त्याच त्या आकृत्या पुन्हा पुन्हा दिसतात, कारण चिप ठरावीक नमुन्यांच्या गेटांनी, म्हणजे तर्काच्या छोट्या सर्किटांनीच, बनते. एक आकृती एकदा ओळखली, की तिची सगळी भावंडं संगणक शोधून देतो. मग कोणतं गेट कोणाला जोडलं आहे ते तारेतारेने लावत गेले. यादृच्छिक आकडा देणारा कार्डातला भाग अवघा १६ बिटांचा निघाला, आणि त्याचा आकडा कार्डाला वीज मिळून किती वेळ झाला एवढ्यावरच ठरत होता! म्हणजे वेळ जुळवली की 'यादृच्छिक' आकडा दर वेळी तोच.

२००८ मध्ये नायमेखन इथल्या राडबाउड विद्यापीठाच्या गटाने पूर्ण हल्ला लिहून काढला. चिपची मालकी तोवर एनएक्सपी कंपनीकडे आली होती. लेख छापू नये म्हणून कंपनी कोर्टात गेली. आर्नहेमच्या कोर्टाने त्याच वर्षी जुलैत मनाई नाकारली. कोर्टाचं म्हणणं असं, की नुकसान होणार असेल तर ते लेखामुळे होणार नाही, सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा.

खरं म्हणजे हे सगळं १८८३ मध्येच सांगून झालं होतं. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ओगुस्त केर्कहॉफ्स या डच गृहस्थांनी लष्करी संकेतांवर लिहिताना बजावलं होतं, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. शंभर वर्षांनंतर चिप बनवणाऱ्यांनी हे बाजूला सारलं, ते वीज वाचवण्यासाठी.

मग खुला आणि भक्कम अल्गोरिदम या तंगीत बसतो का? बसतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, जगभरातून अल्गोरिदम मागवले. १५ उमेदवार छाननीला बसले. सगळ्यांनी सगळ्यांचे खुलेआम वाभाडे काढले, आणि २००० मध्ये योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तरुणांचा अल्गोरिदम निवडला गेला. २००१ मध्ये तो एईएस या नावाने मानक झाला. आज तुमचं बँकेचं ॲप, वायफाय, ब्लूटूथ सगळीकडे तोच आहे.

एईएस लहान चिपवर कसा बसवला, हा भाग मला मनापासून आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एईएस १६ बाइट घेतो आणि त्यांच्यावर दहा फेऱ्या करतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक बाइट एका तक्त्यातून जातो. त्याला एस-बॉक्स म्हणतात. चिपवर हा तक्ता बरीच जागा खातो. वेगाच्या मागे असलेला माणूस एकाच वेळी सोळा तक्ते बसवेल. विजेच्या मागे असलेला एकच बसवतो, आणि सोळा बाइट त्यातून एकामागून एक नेतो. दहा फेऱ्यांचे १६० बाइट, फेरीगणिक नवी किल्ली तयार करताना आणखी ४०, असे एकूण २०० वेळा. २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गटाने हे काम सुमारे ३४०० गेटांत बसवून दाखवलं. २०११ मध्ये एका जर्मन आणि सिंगापूरच्या गटाने ते २४०० गेटांवर आणलं, आणि चिपच्या घड्याळाचे ठोके किती लागले? २२६. तक्ता २०० वेळा वापरायचा आहे, आणि घड्याळाचे ठोके फक्त २२६. म्हणजे तो एकुलता एक एस-बॉक्स जवळजवळ एकही ठोका रिकामा बसत नाही. आजच्या साध्या वायरलेस चिपमध्येही लाखांनी गेट असतात. त्यात अडीच हजार गेटांचा भार तो काय!

आता वेळेचा हिशेब. एक्समेगा नावाच्या जुन्या, स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये एईएसचं वेगळं हार्डवेअर आहे. १६ बाइट एन्क्रिप्ट करायला त्याला ३७५ ठोके लागतात. ३२ मेगाहर्ट्झवर सुमारे १२ मायक्रोसेकंद. दुसरीकडे, झिगबी ही वायरलेस पद्धत ज्यावर चालते त्या ८०२.१५.४ रेडिओला एक बाइट हवेत सोडायला ३२ मायक्रोसेकंद लागतात. एक बाइट पाठवायला जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात सोळा बाइट एन्क्रिप्ट होतात. त्यातून रेडिओची भूक मोठी, ती वेगळीच. तेव्हा 'एन्क्रिप्शन परवडत नाही' हे कुणी आज म्हटलं, तर ते ऐकून घेऊ नका.

खरा खर्च असतो तो निरोपाला जोडायच्या शिक्क्याचा. निरोप लपवला एवढ्याने भागत नाही. तो वाटेत बदलला नाही हेही कळावं लागतं. त्यासाठी शेवटी ४, ८ किंवा १६ बाइटांचा शिक्का जोडतात, आणि ते बाइट रेडिओवरून जातात. आठ बाइट म्हणजे रेडिओ २५६ मायक्रोसेकंद जास्त जागा राहिला. काटकसर करणारा इंजिनिअर इथे घासाघीस करतो, आणि ती रास्त आहे. दुसरी एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. प्रत्येक निरोपाला एक चढता क्रमांक लागतो, आणि एकाच किल्लीखाली तो क्रमांक पुन्हा कधीही येता कामा नये. सेल संपला, नवा घातला आणि उपकरणाने शून्यापासून मोजायला सुरुवात केली, तर जुन्या आणि नव्या निरोपांवर तेच आवरण चढतं आणि दोन्ही ताडून आतला मजकूर निघू लागतो. क्रमांक कायमच्या स्मृतीत लिहून ठेवावा लागतो. एवढंसं काम आहे, आणि ते राहून जातं.

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं एवढं पुरे. आता तिसरा. उपकरणाला हुकूम सोडायचा कुणी?

फिलिप्सचे ह्यू नावाचे दिवे आहेत. मोबाइलवरून रंग बदलणारे, झिगबीवर बोलणारे. त्यांच्यात एईएस होता, पद्धतही नावाजलेली होती. अल्गोरिदमला नाव ठेवायला जागा नाही. तरी २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले एयाल रोनेन, आदी शमीर आणि अकी-ओर वाइनगार्टन, आणि कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातले कॉलिन ओफ्लिन यांनी त्या दिव्यांवर ताबा मिळवून दाखवला. ड्रोनला यंत्र टांगून साडेतीनशे मीटरवरून इमारतीतले दिवे लुकलुकवले. जवळ आल्याशिवाय दिव्याने ऐकू नये अशी सोय होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. पण ताबा मिळवणं वेगळं आणि दिव्यात आपला प्रोग्रॅम घालणं वेगळं. नवा प्रोग्रॅम कंपनीच्या किल्लीने बंद केलेला असेल, तरच दिवा तो घेतो. ती किल्ली त्यांना कुठून मिळाली?

दिव्यातूनच मिळाली. आणि इथे मला जरा आत जाऊन सांगायचं आहे.

चिप काम करते तेव्हा वीज घेते, आणि किती घेते ते आतल्या आकड्यांवर थोडंसं अवलंबून असतं. गिरणीत ज्वारी पडली की एक आवाज येतो, हरभरा पडला की दुसरा. बाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या सवयीच्या माणसाला आत डोकावावं लागत नाही. तसंच हे. चिपच्या वीजपुरवठ्यात एक लहानसा रोध घालायचा आणि त्यावरचा दाब मोजत राहायचं. एस-बॉक्समधून आठ एक असलेला बाइट बाहेर पडला तर थोडी जास्त वीज, आठ शून्य असले तर थोडी कमी. एका मोजणीत हा फरक गोंधळात बुडून जातो. हजारो मोजण्या एकत्र केल्या की वर येतो. मग किल्लीच्या पहिल्या बाइटबद्दल अंदाज बांधायचा. शक्यता २५६. प्रत्येक अंदाजानुसार वीज कशी हलायला हवी होती ते काढायचं, आणि मोजलेल्याशी ताडून पाहायचं. खरा अंदाज उठून दिसतो. असे सोळा बाइट, म्हणजे २५६ गुणिले १६, एकूण ४०९६ अंदाज. समोरून हल्ला करणाऱ्याला मात्र ३९ अंकी संख्येइतक्या किल्ल्या तपासाव्या लागल्या असत्या. पॉल कोचर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही रीत जगापुढे मांडली.

ह्यूच्या बाबतीत यासाठी काही शे डॉलरची साधनं पुरली. बरं, एका दिव्याची किल्ली निघाली, तर एका दिव्याचं नुकसान. ते सोसता आलं असतं. पण त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत एकच किल्ली होती. जगभर. एक दिवा फोडला आणि सगळे हाती आले. पुढे एका दिव्याने शेजारच्या दिव्याला बाधित करायचं, त्याने त्याच्या शेजारच्याला. संशोधकांनी आधी कंपनीला कळवलं, कंपनीने ताबा घेण्याची वाट बंद केली, आणि मगच लेख बाहेर आला. सगळ्यांनी जबाबदारीने वागल्यामुळे निभावलं.

आणि हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी कीलॉक या गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमधल्या पद्धतीवर असाच वीज मोजून हल्ला केला होता. तिथेही उत्पादकाची एकच मुख्य किल्ली होती. ती एकदा काढली, की शंभर मीटरवरून रिमोटचे दोन संदेश ऐकून त्याची नक्कल करता येत होती. आठ वर्षांनी तीच चूक, चांगल्या अल्गोरिदमसह!

यावरचा उपाय काय? दोन उपाय आहेत, आणि दोन्ही लागतात. पहिला, चिपचं तोंड बंद करणं. आतल्या प्रत्येक गुप्त बिटाचे यादृच्छिक तुकडे करायचे आणि गणित तुकड्यांवरच चालवायचं. मग वीज मोजणाऱ्याच्या हाती एका वेळी फक्त तुकडा लागतो. पण यात गेट वाढतात, आणि एईएसचा एस-बॉक्स तुकड्यांत चालवणं फार महाग पडतं. पुढे एनआयएसटीने हलक्या उपकरणांसाठी पुन्हा स्पर्धा घेतली. ५७ प्रस्ताव आले, २०२१ मध्ये दहा अंतिम फेरीत उरले. त्या दहांपैकी दोन संघांत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे मृदुल नंदी होते, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्राझच्या गटाचा अॅस्कॉन निवडला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा एस-बॉक्स पाच बिटांचा, आणि त्यात अँड गेट पाचच. तुकड्यांत चालवताना महाग पडतात ते अँड गेट. म्हणजे संरक्षणाचा खर्च आराखड्यातच कमी धरला आहे.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. दिव्यात चोरण्याजोगी किल्ली ठेवूच नका. नव्या प्रोग्रॅमवर कंपनीने आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करावी, आणि दिव्यात फक्त ती सही तपासायची सार्वजनिक किल्ली असावी. ती चोरून करणार काय? तिने सही तपासता येते, करता येत नाही. सही तपासायला एईएसपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते, कबूल. पण नवा प्रोग्रॅम वर्षातून येतो किती वेळा? एक-दोनदा. रोजच्या बोलण्यासाठी मात्र प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र किल्ली, जेणेकरून एक फुटलं तर एकच फुटेल.

अधिकाराचा प्रश्न सगळ्यात अवघड होतो तो माणसाच्या शरीरात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयाचे ठोके सावरण्यासाठी छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत, रुग्णावर मुळीच नाही. काही सेंटिमीटर अंतरावरून रुग्णाचं नाव आणि निदान वाचता आलं, उपचार बंद करता आले, झटका देण्याचा हुकूमही सोडता आला. एन्क्रिप्शन नव्हतंच. मग घाला की एन्क्रिप्शन, असं आपण म्हणू. पण तो रुग्ण दुसऱ्या गावात बेशुद्ध पडला, तर तिथल्या डॉक्टरकडे किल्ली कुठून येणार? कुलूप इतकं पक्कं झालं की वाचवणाराच बाहेर राहिला, तर? शिवाय कुणी नुसतंच वारंवार विचारत राहिलं तर उत्तरं देता देता सेल संपतो, आणि तो सेल बदलायचा म्हणजे शस्त्रक्रिया. त्या गटाने सुचवलेली युक्ती मला फार आवडते. विचारणाऱ्याने स्वतःच्या रेडिओ लहरींतूनच वीज पुरवायची. त्या विजेवर एक छोटं सर्किट त्याची ओळख तपासेल, आणि पटली तरच आतल्या सेलला हात लागेल. सोबत एक बारीक आवाज, म्हणजे कुणीतरी बोलू पाहतंय हे रुग्णालाही कळेल. २०१७ मध्ये अमेरिकेत ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सुरक्षेचा नवा प्रोग्रॅम काढावा लागला. काम तीनेक मिनिटांचं, पण प्रत्येकाने दवाखान्यात यायचं.

आता आपल्या घराकडे येतो. केंद्राच्या योजनेत २५ कोटी स्मार्ट वीजमीटरांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. त्यांच्या संवादाचं भारतीय मानक, आयएस १५९५९, यात एईएस-१२८ आहे. चांगली गोष्ट. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत दुरून वाचता येणारे पाण्याचे मीटर बसवले गेले. पाण्याच्या मीटरला घरची वीज नसते. तो सेलवर जगतो, ओल्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतो आणि कुणाच्याही हाताला लागू शकतो. आज जे जे बोललो ते सगळं त्या एका डबीत एकत्र येतं.

लोक मला विचारतात, 'हे मीटर हॅक होतात का हो?' माझं सांगणं असं, की प्रश्न जरा वेगळा विचारा, आणि तो निविदा निघायच्या आधी विचारा. 'एईएस आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. तो ह्यूच्या दिव्यातही होता. प्रत्येक मीटरची किल्ली स्वतंत्र आहे का? कारखान्यात ती कुणी घातली आणि तिची यादी कुणाच्या संगणकावर आहे? मीटर उघडून, वीज मोजून किल्ली काढण्याचा प्रयत्न कुणा त्रयस्थ प्रयोगशाळेने केला आहे का? आणि नवा प्रोग्रॅम ज्या सहीने येतो, ती करणारी गुप्त किल्ली मीटर विकणाऱ्या कंपनीच्या तिजोरीत आहे की महापालिकेच्या? मीटर दहा-पंधरा वर्षं चालेल. कंपनी तोवर विकली जाईल, कदाचित बुडेल. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक मीटरला हुकूम सोडायचा अधिकार कुणाकडे जाणार, हे करारातल्या एका कलमाने ठरतं, आणि ते कलम आज लिहिता येतं.